असईच्या त्या शेतात कुणी आडवं होत नसे

अलकनंदाबाईंनी जालन्याच्या पोस्टात तेहतीस वर्षं काउंटर सांभाळला. निवृत्त झाल्या आणि २०२०च्या फेब्रुवारीत लेकीच्या, ज्ञानदाच्या, बाळंतपणासाठी डब्लिनला आल्या, तीन महिन्यांपुरत्या. मार्चमध्ये नात झाली, श्रावणी, आणि त्याच महिन्यात विमानं थांबली. ती सुरू झाली तेव्हा पाळणाघरं बंद होती. मग आयर्लंडमध्ये लाट आली, मग भारतात. सरकार व्हिसाची मुदत आपणहून वाढवत गेलं. यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती, जालन्यात वाट पाहणारं कुणी नव्हतं. बाई राहिल्या.

ज्ञानदाचा फ्लॅट आयलंडब्रिजला. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी, पण फिनिक्स पार्क समोरच होता. तिथला दगडी खांब किचनच्या खिडकीतूनही दिसे, वीस मजली इमारतीएवढा उंच. ज्ञानदाची मीटिंग लागली की बाई श्रावणीला बाबागाडीत घालून खांबाकडे निघत. पायथ्याच्या उतरत्या पायऱ्यांवर बसून तिला केळं भरवत. श्रावणी पहिली पावलं टाकायला शिकली ती तिथेच. खांब कुणाचा, हे बाईंनी वर्षभर कुणाला विचारलं नाही.

सांगितलं ते डेक्लनने. हा निवृत्त बस ड्रायव्हर म्हातारा कुत्रा घेऊन रोज यायचा आणि दोन मीटर अंतर राखून हवापाण्याचं बोलायचा. २०२१च्या एप्रिलमध्ये एकदा बाईंनी सहज विचारलं.

"वेलिंग्टनचा," तो म्हणाला. "नेपोलियनला हरवलं तो. जन्म इथलाच, डब्लिनचा. पण आम्ही काही त्याला आपला म्हणत नाही." खालच्या काळपट पत्र्यांकडे त्याने बोट केलं. "वॉटर्लूला नेपोलियनच्या तोफा हाती लागल्या, त्या वितळवून हे ओतलेत. या बाजूच्या पत्र्यावर तुमच्या देशाचं चित्र आहे. आधी तो तिकडे लढला ना. असाये म्हणून गाव आहे. ऐकलंय का कधी?"

असाये म्हणजे असई, हे बाईंना कळायला एक क्षण लागला.

"माझं माहेर," त्या म्हणाल्या.

मास्कमुळे आपण चुकीचं ऐकलं असं डेक्लनला वाटलं असावं. तो नुसता हसला.

असईत ही लढाई पुस्तकातून शिकावी लागत नाही. जुई आणि केळणा या दोन नद्यांच्या मधल्या रानात नांगराला हाडं लागत. आबा, म्हणजे बाईंचे वडील, ती बांधाखाली पुरत, वर तांब्याभर पाणी ओतत आणि पुन्हा नांगर धरत. एकदा त्यांनी लेकीला सांगितलं होतं, "फरासीसचा राजा त्यायच्याच लोकायनं मारला, पोरी. भर चौकात मुंडकं उडवलं. मंग त्याच्या फौजेतले लोक पोटासाठी पार इकडं आले, शिंद्याच्या चाकरीला. आपल्या खापरपणजाला तोफ डागायला त्यायनंच शिकवलं. तिकडं दुसऱ्यानं गादी धरली, बादशहा झाला. इकडं आपला गोलंदाज झाला."

तो गोलंदाज असईच्या लढाईत तोफेपाशीच होता. गोरे अंगावर आले तेव्हा तो आणि त्याचे सोबती मेलेल्यांत मेल्यासारखे पडून राहिले. पलटण त्यांच्या अंगावरून पुढे गेली. मग ते उठले, तोफा फिरवल्या आणि गोऱ्यांच्या पाठीत गोळे घातले. गोरे परतले, आणि या वेळी त्यांनी पडलेल्या प्रत्येकाला संगीन खुपसून पाहिलं. तेव्हापासून घराण्यातलं कुणी त्या शेतात आडवं होत नसे. दुपारची झोप बांधापलीकडे, लिंबाखाली.

अलकनंदा बारा वर्षांची असताना एका चैत्रात भाकरी घेऊन शेतात गेली, तर आबा नांगराच्या तासांच्या मधोमध आडवे. तोंडावर पागोटं. तिला वाटलं, आबा गोलंदाज झालेत, आपली गंमत करतायत; आत्ता उठतील आणि भॉ करतील. ती बांधावर बसली. हसू दाबत वाट पाहत राहिली. लिंबाची सावली पायांवरून सरकून पलीकडे गेली तेव्हा कुठे ती उठली. ऊन लागून आबा गेले होते. आपण बसून राहिलो होतो, हे तिने घरी सांगितलं नाही. पुढे नवऱ्यालाही नाही.

डेक्लनशी बोलणं झाल्यावर बाईंनी खांबाकडे जाणं सोडलं. आजी दुसरीकडे वळते म्हणून श्रावणी गाडीत रडू लागली, तेव्हा मेच्या अखेरीस त्या परत गेल्या. कधी नव्हे ते कडकडीत ऊन पडलं होतं. खांबाभोवतीच्या हिरवळीवर माणसंच माणसं आडवी. एकमेकांपासून अंतर राखून, कुणी पालथं, कुणी तोंडावर शर्ट टाकून. कुणी हलत नव्हतं. मग लांबवर एक माणूस सावकाश उठून बसला आणि त्याने खांबाकडे पाहिलं.

जवळच एक तरुण मुलगी तोंडावर टोपी घेऊन पडली होती. बाई थांबल्या. वाट पाहिली. मुलगी हलेना. गाडी तशीच सोडून त्या धावल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि तिचा खांदा गदागदा हलवू लागल्या.

मुलगी दचकून उठली. कानातले इअरफोन काढत म्हणाली, "आय'म ग्रँड, आय'म ग्रँड. यू ऑलराइट?" ग्रँड म्हणजे तिकडे नुसतं 'बरी'.

बाईंना इंग्रजी सुचेना. त्या मराठीतच म्हणाल्या, "उठलीस, बरं झालं."

मुलीने आपली पाण्याची बाटली पुढे केली आणि श्रावणीची गाडी जवळ आणून ठेवली. बाईंचा श्वास जागेवर येईपर्यंत ती बसून राहिली.

घरी आल्यावर बाईंनी ज्ञानदाला सगळं सांगितलं, बांधावर बसण्यासकट. ज्ञानदाने लॅपटॉप मिटला. "आई, अगं बारा वर्षांची होतीस तू."

"अर्धा तास हातात होता, ज्ञानदा. पाणी होतं माझ्याकडे."

ज्ञानदाने भोकरदनला मामाला फोन लावून दिला. विलासदादा महिन्यापूर्वीच कोविडमधून उठला होता.

"नंदा," त्याने सगळं ऐकून घेऊन म्हटलं, "डॉक्टर मला म्हणाले व्हते, आबा सकाळीच गेले. तू भाकर घेऊन निघालीस तवा काहीच उरलं नव्हतं."

"पन्नास वर्षांत हे कधी बोलला नाहीस."

"तू कधी इचारलंस?"

विलासदादाला खोटं बोलायचं असलं की आधी खाकरायची सवय. लहानपणी बाई त्यावरूनच त्याला पकडत. पण त्या महिन्यात तो प्रत्येक वाक्याआधी खोकत होता. त्यांनी फोन ठेवला आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

ऑक्टोबरात परत जाईपर्यंत त्या रोज पार्कात जात राहिल्या, ज्ञानदा सोबत असे. हिरवळीवर कुणी आडवं दिसलं की ते उठून बसेपर्यंत बाईंचा पाय तिथून निघत नसे. ज्ञानदा गाडीला ब्रेक लावून शेजारी उभी राहायची.