म्हातारीचा कोरा रकाना

राहुरीजवळच्या एका टेकडीवर मी नऊ वर्षं माकडांचं म्हातारपण मोजत होते. असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. मी नगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, सावेडीत राहते, आणि दर रविवारी सकाळी स्कूटर काढून त्या टेकडीवर जायचे. मला शोधायचं होतं एवढंच, की माकड लवकर थकतं ते आईकडून आलेल्या रक्तामुळे, की रोज पोटात जाणाऱ्या खाण्यामुळे. टोळीतल्या एका म्हातारीला दोन मुली होत्या. एक देवळाच्या पायरीवर बसून लोकांनी दिलेलं खोबरं आणि बिस्किटं खायची, चांगली सुटली होती. दुसरी बुजरी. ती वर टेकडीवरच उंबरं नि कोवळा पाला खाऊन राहायची. तिघींची विष्ठा चिमट्याने उचलून डबीत भरायची आणि तपासणीला पाठवायची, दात, केस, उडी, सगळं वहीत लिहायचं. म्हातारीच्या पानावर फक्त शेवटचा रकाना कोरा होता, मृत्यूचा. या अभ्यासात वाट बघण्याला पर्याय नसतो, आणि मी नऊ वर्षं वाट बघितली होती.

टेकडीच्या पायथ्याला एकाची पेरूची बाग आहे. येता-जाता तो चहाला थांबवायचा. चांगला माणूस, असं मी घरी सांगायचे. एकदा त्याने विचारलं, "मॅडम, तुमी एवढ्या ह्यांच्या मागं फिरता, मग ही रातच्याला झोपत्यात कुठं ओ?"

इतक्या वर्षांत कुणीतरी माझ्या कामाचं विचारलं होतं. मी हुरळले. त्याला घेऊन देवळामागच्या वडापाशी गेले आणि म्हातारी कुठल्या फांदीवर बसते तेसुद्धा बोटाने दाखवलं.

पुढच्या रविवारी टेकडीवर चिटपाखरू नव्हतं. वडाखाली पिंजरे ओढल्याच्या खुणा होत्या आणि सांडलेले शेंगदाणे. देवळातल्या गुरवाने सांगितलं, "बागवाल्यानं मानसं आनली हुती. समदी धरली, घाटाखाली सोडली म्हनं. म्हातारी तर आपन होऊन पिंजऱ्यात गेली. दात न्हाईत तिला, गूळ बघितला अन् गेली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच बागेत गेले. तो खाटेवर बसला होता, आणि माझा अवतार बघूनही शांतच होता.

"मॅडम, माकडंच ती. तुमाला दुसरी मिळतील की," तो म्हणाला. "अन् झाड तुमीच दाखवलं ना?"

या शेवटच्या वाक्यासाठी मी त्याला कधी माफ केलं नाही. करणारही नाही.

मग त्याने चहा मागवला. माझी माकडं चार पेरू खायची म्हणून बागेवर जाळी मारायचा त्याचा विचार होता, आता गरज उरली नाही, म्हणून खुशीत होता. टेकडीच्या पलीकडे, कालव्याच्या अंगाला, दुसरी टोळी राहते. माझ्या टोळीच्या जवळजवळ दुप्पट. ती कितीदा तरी या बाजूला उतरायला बघायची आणि माझी माकडं तिला कड्यावरूनच पिटाळून लावायची. हे सगळं माझ्या वहीत होतं, नऊ वर्षांचं. राखणदार त्याने स्वतःच्या हाताने घालवले होते आणि हे सांगू शकणारी मी एकटी समोर बसले होते. मी चहा पूर्ण संपवला, कपबशी खाली ठेवली आणि निघाले. जाळी घाला, एवढे दोन शब्द बोलले असते तर बाग वाचली असती. नाही बोलले.

पेरू भरले तेव्हा ती पलीकडची टोळी उतरली. गुरवाचा फोन आला आणि मी त्या दिवशी रविवार नसूनही रजा टाकून गेले. बागेत अर्धवट खाल्लेल्या पेरूंचा खच पडला होता. तो डबा बडवत धावत होता आणि माकडं पुढच्या ओळीत जाऊन बसत होती. मला लाज वाटायला हवी होती. मला बरं वाटलं, अगदी पोटातून बरं वाटलं.

मला बघून त्याने डबा टाकला आणि स्वतः खुर्ची आणून दिली. मी बसले, नवी वही उघडली. एका फाटक्या कानाच्या तरण्या मादीपासून सुरुवात केली. दात: सगळे. खाणं: पेरू, पोटभर.

तो घाम पुसत शेजारी उभा राहिला. "मॅडम, लई नुकसान केलं ओ. ही कुठं झोपत्यात तेवढं सांगा."

मला माहीत होतं. येतानाच बघून आले होते.

"अजून नवीन आहेत हो दादा," मी म्हणाले. "म्हातारी होईपर्यंत बघावं लागेल."