कितना नफर?

पोर्टाकेबिनच्या कंपनीत किस्से जमवावे लागत नाहीत. दारं-खिडक्या कितीही घट्ट लावा, कतारच्या दोह्याची वाळू आत येतेच, तसे ते येतात. वर्ल्ड कपची तयारी जोरात होती तेव्हा सगळी दुनिया स्टेडियमबद्दल बोलत होती. आम्ही बोलत होतो खाटांबद्दल! आमच्या फॅक्टरीत कामगारांच्या कॅम्पसाठी तयार खोल्या बनायच्या आणि ट्रेलरवर चढून जायच्या. त्यांच्यासाठी सरकारचा नियम आला होता. एका खोलीत चारच माणसं, प्रत्येकाला ठरलेली मोकळी जागा आणि खाटेवर खाट अजिबात नाही.

नियम पाळतोय का ते बघायला एक कतारी इन्स्पेक्टर यायचे. हातात कायम टेप. दारातूनच विचारायचे, "कितना नफर?" नफर म्हणजे माणसं, ही आमची आखाती हिंदी. मोजून झालं की "माफी मुश्किल" म्हणायचे, म्हणजे हरकत नाही, पास! नाहीतर एक अक्षर न बोलता गाडीत बसायचे आणि आमच्या जोशीसाहेबांचं बीपी वाढायचं. जोशीसाहेब म्हणजे आमचे मॅनेजर, पुण्याचे.

इन्स्पेक्टरना तोंड द्यायला आमचा विल्सन होता. वसईचा. परमिटची सगळी कामं त्याच्याकडे आणि नियम तोंडपाठ. ड्रॉइंगमध्ये नसलेला एक हूक भिंतीला दिसला, तरी काढायला लावायचा.

*

नियम आला तशा आमच्याच कॅम्पमधल्या दुमजली खाटा कापून खाली आणल्या. जोशीसाहेब खूश. रत्नागिरीचा शिवराम सुतार वरच्या खाटेवर झोपायचा, त्याला म्हणाले, "काय शिवराम, आता चढउतार बंद! मजा आहे तुझी!"

शिवराम म्हणाला, "साहेब, वर होतो तेव्हा माझ्या खाटेवर कोण बसत नव्हतं."

खालच्या खाटेवर त्याचा चुलतभाऊ झोपायचा. तो चारात बसला नाही, म्हणून दुसऱ्या कॅम्पात गेला.

*

एकदा इन्स्पेक्टरना दाखवायला सॅम्पल खोली सजवली. नव्या गाद्या, पडदे, प्लॅस्टिकची फुलं. खोली रिकामी बरी दिसत नाही म्हणून जोशीसाहेबांनी शॉपफ्लोअरवरून चौघांना बोलावलं. "आराम करतोय असं दाखवा. यल्ला, आडवे व्हा!"

बाहेर भर उन्हाळा, आत एसी आणि अंगाखाली नवी गादी. इन्स्पेक्टर येईपर्यंत चौघंही घोरत होते! जोशीसाहेब हाका मारायला पुढे सरसावले, तर इन्स्पेक्टरनी ओठांवर बोट ठेवलं. पावलं न वाजवता त्यांनी खोली मोजली आणि दारात येऊन कुजबुजले, "माफी मुश्किल."

त्यांची गाडी गेटबाहेर पडताच जोशीसाहेब ओरडले, "उठा रे, सॅम्पल खराब होईल!"

*

दिवसभर आम्ही नियमातल्या खोल्या बनवायचो आणि संध्याकाळी नियमाबाहेरच्या घरी जायचो. ओल्ड एअरपोर्ट भागात एका व्हिलाचे तुकडे पाडून त्यात पाच-सहा बिऱ्हाडं राहायची. मी एकटा, बायको-मुलं नाशिकला. पलीकडे विल्सन, त्याची बायको मार्था आणि दुसरीतली मुलगी रिया. रियाची स्टिकर लावलेली घडीची खाट दिवसा दाराआड उभी असायची. आमच्यामधली भिंत म्हणजे आमच्याच फॅक्टरीतलं उरलेलं पॅनल, शिवरामने बसवलेलं.

भिंत कसली, पडदाच तो! एकदा पलीकडून रियाचे पाढे चालले होते. "सेव्हन एट्स आर फिफ्टी-फोर."

माझ्याच्याने राहवेना. "फिफ्टी-सिक्स!"

पलीकडे एकदम शांतता. मग किंचाळी. "पपा, द वॉल नोज टेबल्स!"

विल्सन ओरडला, "वॉल नाशिकची आहे, ऐक तिचं!"

तेव्हापासून रोज संध्याकाळी भिंतीची शिकवणी सुरू झाली. ऑफिसात सगळे मॅचच्या तिकिटांच्या गप्पा मारायचे. विल्सन मला म्हणायचा, "मॅच गेली खड्ड्यात. पोरगी इथे माझ्याजवळ राहिली ना, माझा वर्ल्ड कप झाला."

*

मग एके दिवशी व्हिलाच्या दारात टेप घेऊन तेच उभे!

"कितना नफर?"

विल्सनला खोटं बोलता येत नाही. त्याने सगळी बिऱ्हाडं सांगितली. इन्स्पेक्टरनी माझ्या-त्याच्यामधल्या पॅनलवर बोटांनी टकटक केलं. आवाज ओळखीचा वाटला असावा.

"तुम्हारा फॅक्टरी?"

"यस सर."

"गुड क्वालिटी," ते म्हणाले. "रिमूव्ह."

शिवरामनेच लावलेलं पॅनल शिवरामनेच काढलं आणि सगळ्या बिऱ्हाडांना व्हिला सोडावा लागला. अख्खा फ्लॅट घ्यावा, तर वर्ल्ड कपमुळे भाडी आभाळाला भिडलेली. रीतसर भाडेकरार नाही, तर बायको-मुलीचा राहण्याचा परवाना वाढत नाही. विल्सनने महिनाभर अल हिलालपासून अल गराफापर्यंत घरं पालथी घातली. शेवटी मार्था आणि रिया वसईला गेल्या. जाताना रियाने मला विचारलं, "अंकल, नाऊ हू विल चेक माय टेबल्स?" मी तिची बॅग उचलून गाडीत ठेवली. फार वाईट वाटलं.

विल्सन कंपनीच्या कॅम्पात आला, शिवरामच्याच खोलीत, चौथा माणूस म्हणून. रियाची घडीची खाट सोबत आणली. ती खोलीत ठेवणं नियमात बसत नाही, म्हणून स्टोअरमध्ये ठेवली. नियम त्यानेच दाखवला.

*

स्पर्धा जवळ आली तशी आम्हाला नवी ऑर्डर मिळाली. मॅच बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी केबिन. एका केबिनमध्ये दोन माणसं, दोन खाटा, उशाशी दिवा, दारात पायपुसणं. सॅम्पल विल्सनने स्वतः सजवलं, कुणाला हात लावू दिला नाही.

इन्स्पेक्टर आले. "कितना नफर?"

"टू, सर! ओन्ली टू!" म्हणत जोशीसाहेबांनी दार उघडलं आणि जागच्या जागी थिजले. दोन खाटांच्या मध्ये एक छोटी घडीची खाट होती. स्टिकरवाली. वर धुतलेली चादर.

"अहो विल्सन, हे काय? ड्रॉइंगमध्ये दोनच खाटा आहेत!"

मी खाली बघत राहिलो.

इन्स्पेक्टरनी टेप ओढली. लांबी घेतली, रुंदी घेतली. मनाशी हिशेब केला. मग त्या छोट्या खाटेकडे आणि विल्सनकडे बराच वेळ बघत राहिले.

"तीन नफर," ते म्हणाले. "माफी मुश्किल."

"मालूम है, सर," विल्सन म्हणाला. "नाप के देखा है."

आणि त्याने चादर काढली, खाटेची घडी घातली आणि ती बाहेर नेली.