कुलूपमामा

ठाण्यातल्या आमच्या कॉलेजात मायक्रोबायोलॉजीच्या लॅबचे मामा वर्षभर अखंड बोलायचे. टेंभी नाक्याची हंडी कितव्या थराला कोसळली, कोपरीच्या त्यांच्या चाळीत कोणाचं कोणाशी वाजलं, सगळं काचसामान धुता धुता. पण प्रॅक्टिकलची परीक्षा आली की तोंडाला कुलूप. ओळखायला दिलेल्या नळीत कोणता जंतू आहे हे त्यांना ठाऊक असे, कारण नळ्या तेच भरत. इतर कॉलेजांत लॅबमामा हळूच नाव सांगतात, असं आम्ही ऐकून होतो. आमचे मरायला सांगत नसत.

एरवी जीव लावायचे. जंतू वाढवलेल्या बशीचा कोणी वास घेतला की ओरडायचे, "अगं, अत्तर आहे काय ते? नाकातून घरी नेशील सगळं!"

मी दिवा स्टेशनहून लोकलने येणारी, घरात विज्ञान शिकणारी पहिलीच. एम.एस्सी.साठी पहिला वर्ग हवाच होता. शेवटच्या परीक्षेच्या सकाळी मी मामांना सिंकजवळ गाठलं. "मामा, फक्त नाव सांगा ना."

"उद्या पेशंटचं सॅम्पल समोर येईल, तेव्हा काय मला फोन लावशील?" ते म्हणाले आणि नळ धो धो सोडला.

मी घाबरत स्लाइड रंगवली. अल्कोहोल जास्त वेळ ओतलं, जांभळ्या जंतूंचा रंगच धुऊन निघाला, ते गुलाबी दिसले आणि उत्तर साफ चुकलं. पहिला वर्ग गेला. मामांचा असा राग आला की महिनाभर मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

त्याच महिन्यात मामांवर तक्रार आली. कॉलेजच्या एका विश्वस्तांच्या भाचीलाही त्यांनी नाव सांगितलं नव्हतं. आता तीच म्हणत होती की मामा बाकीच्यांना नावं फोडतात. मामांची लॅब जाणार होती. सगळ्यांच्या सह्या घेत तक्रारीचा कागद माझ्यापर्यंत आला. रागावलेली होते, तरी सहीला हात पुढे होईना. तो कागद घेऊन मी थेट प्राचार्यांसमोर उभी राहिले.

"सर, हे खोटं आहे. मी स्वतः विचारलेलं. त्यांनी नाही सांगितलं."

"म्हणजे तू कॉपी करायला निघालेलीस?"

"हो सर. त्यांनी करू दिली नाही. माझे मार्क बघा."

मामांची लॅब वाचली. मला लेखी ताकीद मिळाली, कॉलेजच्या शिक्क्यासह: परीक्षेत लॅबमामांकडे उत्तर मागितलं, त्यांनी ते दिलं नाही, असं त्यात लिहिलेलं. बाहेर मामा उभे होते. "गाढव आहेस," म्हणाले. डोळे पुसायला त्यांनी ॲप्रनची बाही वापरली, आणि मलाही रडू फुटलं.

मामा गेल्या वर्षी गेले. एम.एस्सी. मी उशिरा, नोकरी करत पूर्ण केली. कल्याणच्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये मुलाखतीला गेले, तेव्हा गुणपत्रिकांच्या वर ते ताकीदपत्र ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा वाचलं.

"हे कशाला जोडलंय?"

"मॅडम, गुणपत्रिकेत काय शिकले ते आहे," मी म्हटलं. "कोणाकडे शिकले, ते यात आहे."