सगळ्यांना एकच गोळी

हुपरीत पैंजणं जोडता जोडता माझी बोटं सुजली. कोल्हापुरातल्या एका नामांकित डॉक्टरनं हातसुद्धा न लावता आमवाताची गोळी लिहून दिली. दवाखान्यात बाकावर बसलेल्या प्रत्येक पेशंटच्या कागदावर तीच गोळी होती. वर्षभर खाऊनही सकाळी मूठ मिटेना. रक्त तपासायचं का विचारलं, तर महाशय हसले.

शेवटी दुसरीकडच्या एका डॉक्टरीणबाईंनी रक्ताची सीसीपी नावाची, आमवात किती जहाल ते सांगणारी तपासणी केली. "आकडा फार वर आहे. तुमचा आमवात सांधे खाणारा आहे, ही एक गोळी पुरायची नाही," म्हणाल्या आणि औषध बदललं. तीन-चार महिन्यांत सूज उतरली, पण दोन बोटं वाकडीच राहिली.

रिपोर्ट घेऊन मी पहिल्या डॉक्टरकडं गेलो. न वाचताच परत देत तो म्हणाला, "आम्ही पेशंट बघूनच ओळखतो."

मी हात त्याच्या टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "मग बघा की."