दोन रेघांच्या मधे

नागपूरच्या उन्हाळ्यात कुत्रीसुद्धा सावली बघून बसतात. माझा धाकटा मेहुणा मात्र कुठल्याच ऋतूत बसलेला कोणी पाहिला नाही. जेवताना भात झाला की उठायचा आणि ताक येईपर्यंत अंगणात दोन चकरा मारून यायचा. "बाबू, बस न एका जागी!" बायको करवादायची. "बसून विचार येत नाही न, ताई," हे त्याचं ठरलेलं उत्तर. त्याला सिनेमाला नेणं म्हणजे मागच्या चार रांगांशी भांडण विकत घेणं.

एका कॉलेजात तो पदार्थविज्ञान शिकवायचा, तेही हंगामी. उन्हाळ्यात नोकरी सुटायची, पावसाळ्यात दुसरीकडे लागायची. त्या वर्षी मात्र जागा कायम व्हायची होती, आणि प्राचार्य त्याचा तास बघून ठरवणार होते. "फळ्याजवळ उभा राहा, नोट्स सांग, गुमान घरी ये," असं मी बजावलं होतं. ऐकेल तो मेहुणा कसला! विषय निघाला हायड्रोजनच्या अणूचा, आणि यानं सगळा वर्ग उचलून कबड्डीच्या मैदानावर नेला. चुन्याच्या फक्कीनं एकाबाहेर एक गोल आखले, मधोमध एका जाड्या पोराला अणुकेंद्र म्हणून उभं केलं, आणि बाकीच्यांना पाळीपाळीनं इलेक्ट्रॉन करून रेघेवरून पळवलं. वरच्या, म्हणजे बाहेरच्या, रेघेवर उडी मारायची तर आधी सरांकडून ऊर्जा म्हणून टाळी घ्यायची. खाली येताना तीच ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते, म्हणून रंगाचं नाव ओरडायचं. तिसरीवरून दुसरीवर आला की "तांबडा!", चौथीवरून आला की "निळा!" मी काळजीपोटी कुंपणाशी येऊन उभा होतो, पण खरं सांगतो, अणू मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

तेवढ्यात प्राचार्य आले आणि नेमके दुसऱ्या-तिसऱ्या रेघेच्या मधे उभे राहिले.

"सर, तिथं नका थांबू!" मेहुणा किंचाळला.

"काहून?"

"दोन रेघांच्या मधे इलेक्ट्रॉनले राहताच येत नाही, सर! एकतर खाली या, नाही तर वर जा!"

प्राचार्य खालीही आले नाहीत, वरही गेले नाहीत. तरातरा मैदानाबाहेर पडले. "सर, इलेक्ट्रॉन सुटला!" एक पोरगा ओरडला आणि अख्खा वर्ग हसला. मी कपाळावर हात मारून घेतला.

जागा गेली, हे वेगळं सांगायला नको. बायको रडली. मी प्राचार्यांचा मनसोक्त उद्धार केला. मेहुण्यालाही चार शब्द सुनावायचे म्हणून अंगणात गेलो, तर तोच म्हणाला, "भाऊजी, पोराइले समजलं. सर मात्र तसेच चालले गेले. घरी जाऊन समजावून देऊ का त्याइले?"

"दे," एवढंच म्हणालो.

सकाळी सायकल काढून तो खरंच गेला. प्राचार्य घरी नाहीत, असं त्याला दारातूनच सांगण्यात आलं. आतून त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता म्हणे.

"त्याइच्यासारखंच कोणी तरी खोकलून राहिलं होतं," मेहुणा म्हणाला. "भाऊ असंन त्याइचा. मी उद्या जातो."