नेपाळपुरता विमा

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तिला तर नाहीच नाही, कारण अण्णा तिचे थोरले भाऊ. मग तुम्हाला का सांगतोय? — खरंच कळत नाही. लपवण्याचाही शीण येतो माणसाला, एवढंच.

मी मूळचा निपाणीचा, बंगळुरात पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात खरेदीचं काम बघतो. सासुरवाडी मात्र पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातली. त्या घरात कागदपत्रांचं काही निघालं की 'भावोजी बघतील'. रेशनकार्ड असो, पासपोर्ट असो. मला ते आवडायचं — खोटं कशाला बोलू? त्यामुळे माझ्या गाडीनं पशुपतिनाथाला जायचं ठरलं, तेव्हा विम्याचं कामही माझ्याकडेच आलं.

आपली नेहमीची पॉलिसी सरहद्दीपलीकडे चालत नाही. निघण्याआधी ती नेपाळपुरती वाढवून घ्यावी लागते, नाहीतर सरहद्दीवर तिथला थर्ड पार्टी विमा काढावा लागतो. म्हणजे आपल्या गाडीनं कुणाला लागलं तर भरपाई कंपनी देते. मला हे सगळं माहीत होतं. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता राहून गेलं — आणि घरी मात्र 'झालं' म्हणून सांगून बसलो होतो.

सरहद्दीवर गाडीचा परवाना काढला. शेजारीच विम्याचं दुकान होतं, उघडं, गर्दीही नव्हती. अण्णा म्हणाले, "भावोजी, स्वल्प थांबायचं का? विम्याचं एकदा विचारून घेऊ."

"ते बंगळुरातूनच करून आणलंय, अण्णा."

"सरी, ठीक आहे. तुम्ही केलंय म्हणजे झालंच."

तेव्हा खाली उतरलो असतो तर काय बिघडलं असतं? थोडं हसं झालं असतं. बायकोनं चार दिवस चिडवलं असतं. तेवढ्यासाठी — हो, तेवढ्याचसाठी मी गाडीत बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी घाटाच्या उतारावर अण्णा चालवत होते. आमच्या सगळ्या गोतावळ्यात त्यांच्याइतकं जपून चालवणारं कुणी नाही. वळणावर भाजीची टोपली घेतलेली एक बाई अचानक रस्त्यात आली. त्यांनी ब्रेक दाबला, तरी धक्का बसलाच. तिचा पाय मोडला.

पोलीस चौकीत अण्णांनी मला विमा कंपनीला फोन लावायला सांगितलं. मी बाहेर गेलो, फोन कानाला लावून उभा राहिलो — नुसताच. परत येऊन म्हणालो, "ते नाही म्हणतात. चूक चालवणाऱ्याची आहे म्हणे."

असं नसतं हो. चालवणाऱ्याची चूक झाली तरच तर तो विमा कामाला येतो. अण्णांना ते माहीत नव्हतं, आणि माझ्यावर त्यांचा विश्वास होता. त्यांनी मान खाली घातली. आनेकलला घर बांधायला साठवलेल्या पैशांतून त्यांनी त्या बाईला भरपाई दिली, मला खिशात हात घालू दिला नाही. आणि मी काय केलं? तिच्या नवऱ्याशी घासाघीस केली. खरेदीतला माणूस ना मी. तो बिचारा लवकर कबूल झाला. तिचा पाय नीट जुळला की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

त्यानंतर अण्णांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. आमच्याकडे येतात ते दोन बस बदलून. त्यांना दारात घामेजलेलं बघितलं की मी पाणी आणायला आत जातो. दुसरं काही सुचत नाही.

मागच्या महिन्यात माझी मुलगी त्यांच्या मागे लागली — मामा, मला गाडी तुम्हीच शिकवा. ते म्हणाले, "माझ्याकडनं नको, पुट्टी. माझ्या हातनं एका बाईचा पाय मोडलाय. विमावाल्यांनीसुद्धा चूक माझीच म्हटली." आणि दुजोऱ्यासाठी त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी समोरच बसलो होतो.

"हो," मी म्हणालो, "तसंच म्हणाले होते ते."