चुलत्यांची लाटेवरची फळी

माझे थोरले चुलते मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. नोकरी सोडून ते डोंगरातल्या आमच्या मढ गावी परत आले, तेव्हा लोकांना घड्याळ, रेडिओ, गेला बाजार सेंटच्या बाटलीची तरी आशा होती. त्यांनी आणली फळी. नऊ फूट लांब, टोकांना निमुळती, खाली माशासारखा एक पर. म्हणाले, परदेशात लोक हिच्यावर उभे राहून लाटेवरून येतात, आणि मीही आलोय. मढला डोंगर आहे, धुकं आहे, धरणाचं पाणी आहे. लाट नाही. त्यामुळे चुलत्यांना थापाड्या ठरवायला पंचायत बसवावी लागली नाही.

आमच्या घरात निरुपयोगी वस्तूलाही सुटका नसते, तिला कामाला लावतात. फळीवर कुरडया वाळल्या, पाहुणे बसले, पुढे ती स्वयंपाकघरात गेली. दसऱ्याला अवजारांबरोबर तिलाही हळदकुंकू लागायचं आणि बैलगाडी रंगवून उरलेला ऑइलपेंट तिच्या अंगावर जायचा. चुलते बघत राहायचे. "ही काय औत हाय का?" एवढंच म्हणायचे.

चेष्टा करण्यात मी सगळ्यांच्या पुढे. पाहुण्यांसमोर "काका, लाट आली" म्हणून हाळी द्यायचो. शेवटच्या दुखण्यात त्यांनी मला विचारलं, "तुला तरी खरं वाटतं का रं?" मी म्हणालो, "आधी गोळी घ्या." त्यांनी घेतली. महिन्याभरात ते गेले. जाताना फळी मला द्यायला सांगून गेले. त्या उत्तराची मला आजही लाज वाटते.

म्हणून फळी अस्सल आहे आणि चुलते तिच्यावर उभे राहिले होते, हे शाबीत करायचं मी मनावर घेतलं. माणूस गेला की आपली न्यायबुद्धी जागी होते. पुण्यात होड्या आणि अशा फळ्या दुरुस्त करणारा एक कारागीर सापडला. जीपच्या टपावर फळी बांधून निघालो. मंचरच्या कोंडीत शेजारच्या टेम्पोतून कांदेवाल्यानं डोकं बाहेर काढलं. "पावणं, एवढं अरुंद दार कोणच्या घराला?"

कारागिरानं तीन आठवडे रंग खरवडला. हिरवा, निळा, पुन्हा हिरवा, मग बैलगाडीच्या चाकांचा लाल. आमच्या घरातले सगळे दसरे त्यानं उलट्या क्रमानं पाहिले. खालून पिवळसर फळी निघाली आणि मधल्या लाकडी पट्टीशेजारी पेन्सिलीनं लिहिलेला, बनवणाऱ्याच्या हातचा आकडा.

"अस्सल आहे," तो म्हणाला. "हातानं बनवलेली, चांगली जुनी. चिरा बुजवून देतो, पाण्यात जाईल."

"आणि हिच्यावर कुणी उभं राहिलं होतं का?"

"पाय घसरू नये म्हणून वर मेण घासतात. त्याचा थर असता तर काही तरी सांगता आलं असतं. इथं कणभर नाही."

कसा असेल? पाहुण्यांची धोतरं चिकटतात म्हणून आईनं, रंग लागायच्या आधीच, एका दिवाळीला सोड्याच्या उकळत्या पाण्यानं फळी घासून काढली होती. ही कामगिरी ती अजून अभिमानानं सांगते. मग कारागिरानं वरच्या अंगाला दोन खोलगट खड्डे दाखवले. टाचांचे असू शकतील, म्हणाला. मला हर्ष झाला. तिथूनच आईला फोटो पाठवला.

"तितं वाटणाचा पाटा ठिवायचो आपण," ती फोनवर म्हणाली.

दुरुस्त झालेली फळी मी मढला आणली आणि ओसरीत भिंतीला टेकवली. फळी झकास झाली होती, पण माझं काम झालं नव्हतं. मी आईला म्हणालो, आता काही कळायचं नाही. उभे राहिले असतील, नसतील.

आई लसूण सोलत होती. "राहिलं व्हतं की," ती म्हणाली. "म्या बघितलंय."

लग्न होऊन नुकतीच आली असताना ती एकदा पहाटे धुणं घेऊन धरणावर गेली होती. चुलते पाण्याच्या मध्यावर, फळीवर ताठ उभे, बांबूनं रेटा देत पलीकडच्या काठाकडं निघालेले. वारा सुटला होता, पाणी हिंदकळत होतं, पण ते पडले नाहीत.

मला राग आला. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"थोरल्या दिरांना चड्डीवर बघितलं, आसं कुणाला सांगू? त्यांच्यापुढं माझा पदर कदी ढळला न्हाई."

"तू बघितलंस हे त्यांना माहीत होतं?"

"व्हतं की. मला बघितलं आन् तसंच काठाला आलं. त्यानंतर फळी पाण्यात नेली न्हाई त्यांनी." तिनं सुपातली टरफलं पाखडली. "समदं गाव हसायचं, तूबी हसायचा. पर 'हिला इचारा' म्हणून त्यांनी माझ्याकडं कदी बोट केलं न्हाई."